मैलांची मोजदाद

वर्षारंभीं अमुक हजार मैल सायकल चालविण्याचा संकल्प सोडणारे हौशी स्वार आतां पुष्कळ झाले आहेत. ज्या गोष्टीची गोडीच मोकळेपणांत आहे तिला आंकड्यांचें दावें लावावें काय, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

या छंदाची पराकाष्ठा टॉमी गॉडविन या इंग्रज स्वारानें केली. १९३९ सालीं त्यानें ७५,०६५ मैल तोडले. म्हणजे रोज सरासरी दोनशें मैलांहून अधिक! सप्टेंबरांत युद्ध पेटलें, रात्रीं दिवे झांकावे लागले, तरी चाक थांबलें नाहीं. १९४० च्या मे महिन्यांत एक लाख मैल पुरे करूनच तो खालीं उतरला. त्याचा वार्षिक विक्रम २०१६ पर्यंत अबाधित होता.

ही आंकड्याची गुलामगिरी, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. लक्ष जपाचा नेम करणारा माळ ओढतो ती मण्यांच्या प्रेमानें नव्हे. मन नामांत रमत नाहीं त्या दिवशीं बोटें तरी चालावींत म्हणून. मैलांची वही अशाच आळसाच्या दिवसासाठीं असावी. घोटाळा होतो तो डिसेंबरांत. शंभर मैल उरले म्हणून दुखरा गुडघा दामटणारा, किंवा घाटाची सुंदर वाट टाळून सपाट सडकेवर फेऱ्या घालणारा, यांच्याजवळ वही उरली, सायकल गेली. (चढणीचा मैल आणि सपाटीचा मैल वहींत सारखेच दिसतात, ही एक गंमतच!)

गॉडविन धंदेवाईक स्वार होता. त्याची गोष्ट निराळी. ज्यास दहाला कचेरी गांठावयाची आहे, त्यानें नेम वर्षाचा न धरतां आठवड्याचा धरावा. एक आठवडा पावसानें बुडविला, तरी पुढच्याच्या माथीं त्याचें कर्ज चढवूं नये.