ऐकायलाही शिकावे लागते का?



घरातील वयस्कर माणसांच्या मनाची काळजी घेण्यासाठी प्रशिक्षित माणसे हवीत, असे कुणी म्हटले की आपल्याला थोडे खटकते. आजीशी दोन प्रेमाचे शब्द बोलायला वर्गात कशाला बसायचे? माया काय शिकवून येते? आणि शिकवून आलीच, तर ती खरी कशी म्हणायची? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर काही घरांतील म्हातारपण अवलंबून आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू या.

प्रथम आपल्याच परिसराकडे पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी ह्या पट्ट्यात बजाज, टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने आले. त्यांच्यामागून नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, कोकणातून तरुण मुले आली. ती मुले आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे आयुष्य भोंग्यावर आणि पाळीवर चालले. निवृत्तीबरोबर पगार थांबला, तसेच डब्याची वेळ, सोबती आणि ‘मी अमुक खात्यात आहे’ ही ओळखही गेली. आता मुलगा चाकणला रात्रपाळीला, सून कामावर, नातवंडे क्लासला. घर भरलेले असते, पण दिवसभर बोलायला कुणी नसते.

म्हातारपणी उदासी ‘मी उदास आहे’ असे सांगत येत नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंग दुखते, चिडचिड होते, मिस्साला जावेसे वाटत नाही. घरचे म्हणतात, “वयच झालं आता.” पण वय हा आजार नव्हे. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या दर शंभर माणसांमागे सुमारे आठ जणांत नैराश्याच्या आजाराची लक्षणे आढळली. इतक्या माणसांना पुरतील एवढे मनोविकारतज्ज्ञ आपल्या देशात नाहीत.

मग करायचे काय? आपल्या शेजारच्या गोव्यात ह्याचे एक उत्तर शोधले गेले. १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ ह्या संस्थेने आणि डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीपुढच्या १८१ व्यक्तींसोबत एक अभ्यास केला. ह्या लोकांना नैराश्याचा पूर्ण आजार झालेला नव्हता, पण सुरुवातीची लक्षणे होती. त्यांतील निम्म्यांना नेहमीचे उपचार चालू राहिले. उरलेल्यांना भेटायला डॉक्टर नव्हेत, तर प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक जात. एखादी अडचण लहान-लहान भागांत कशी सोडवावी, झोपेची घडी कशी बसवावी, मधुमेहासारखे दुखणे कसे सांभाळावे, सरकारी योजनेचा लाभ कसा मिळवावा, अशी त्यांची मदत असे. वर्षभराने पाहिले तेव्हा नेहमीच्या उपचारांवरील गटात शेकडा १४ जणांना नैराश्याचा आजार जडला होता. समुपदेशक जात होते त्या गटात हेच प्रमाण शेकडा ४ होते. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभ्यास लहान आहे, पण बोध मोठा आहे : साध्या माणसांना नीट शिकवले, तर आजार दारातच अडवता येतो.

दूर आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा ह्यांनी २००६ पासून आज्यांनाच हे शिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून त्या दुःखी माणसांचे ऐकतात. म्हणजे वृद्धांनी केवळ सेवा घ्यावी असे नाही, ते सेवा देऊही शकतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शिकलेली माया खरी असते का? एक उदाहरण घ्या. एखादे आजोबा म्हणतात, “देवा, आता उचल मला.” प्रेम करणारी सून घाबरून म्हणते, “असं अभद्र बोलू नका, पाप लागतं.” तिच्या प्रेमात काहीच खोट नाही, पण त्या एका वाक्याने दार बंद झाले. आजोबा पुन्हा बोलणार नाहीत. शिकलेला माणूस तिथे थांबतो आणि विचारतो, “आजोबा, जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?” असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे आज जाणकार सांगतात. पण हे धैर्य आपोआप येत नाही, ते शिकावे लागते.

ईयोबाचे मित्र आठवा. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे सांत्वन खरे होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाचे कारण त्यालाच समजावू लागले. त्यांच्याकडे प्रेम होते, पण ऐकण्याची शिस्त नव्हती. शिकण्याने माया कृत्रिम होत नाही. दुसऱ्यासाठी शिकण्याचे कष्ट घेणे हीदेखील मायाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे तर मुलांचे कर्तव्य, ते बाहेरच्यांवर का ढकलायचे? वडिलांना मोतीबिंदू झाला तर शस्त्रक्रिया मुलाने करावी असे कुणी म्हणत नाही. पण नंतर डोळ्यांत थेंब घालायचे काम घरच्यांचेच असते. मनाचेही तसेच आहे. शिवाय काही गोष्टी आई मुलाला सांगू शकत नाही, कारण त्या मुलाबद्दलच असतात. तिथे बाहेरचा कान लागतो. मात्र “त्या बाई येतात ना दर आठवड्याला” असे म्हणून आपण मोबाईल घेऊन बसलो, तर आपण सेवा घेतली नाही, सबब विकत घेतली. कसोटी एकच : त्या भेटीने घर वडीलधाऱ्यांच्या जवळ आले की लांब गेले?

आणखी एक जबाबदारी आहे. धर्मग्रामात सगळे एकमेकांना ओळखतात. एका घरात ऐकलेले दुसऱ्या घरात पोचले, तर तो विश्वासघात ठरेल. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा गुप्ततेचा असावा. दुसरा धडा आपली मर्यादा ओळखण्याचा : जिवाला धोका दिसला तर ते गुपित न ठेवता डॉक्टरांकडे न्यायचे. तिसरा धडा मान राखण्याचा. वृद्ध माणूस म्हणजे लहान मूल नव्हे. त्याला काय हवे ते त्यालाच विचारावे, आणि त्याला गप्प राहायचे असेल तर तेही मान्य करावे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी नेमून दिला. त्या दिवशी आपण फुले देतो, ते चांगलेच आहे. पण आजाऱ्यांकडे पवित्र कम्युनियन नेणारे आपले सेवक आधीच ह्या घरांत जातात. त्यांतील चार-पाच जणांनी आणि दोन-तीन निवृत्त बंधू-भगिनींनी असे शिक्षण घेतले, तर त्या फुलांना अर्थ येईल. तोवर एवढे लक्षात ठेवा : मानसिक त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आजोबांच्या खाटेजवळ लावा. आणि लावून झाल्यावर लगेच उठू नका, थोडा वेळ तिथेच बसा.