बळीनं दान केलेली जमीन

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे आमच्या सासूबाई जुन्या केरसुणीनं अंगण झाडायच्या, केर सुपात भरून उकिरड्यावर न्यायच्या आणि टाकताना मोठ्यानं म्हणायच्या, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." त्या गेल्या, आता मी म्हणते. सून ओवाळताना म्हणते. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातलं आमचं डोंगरकडा हे हळद, केळी आणि उसाच्या पट्ट्यातलं गाव. पाडवा आला की हे शब्द इथं घरोघर ऐकू येतात.

जे राज्य कुठल्याही बखरीत नाही, ज्याचा ताम्रपट नाही, शिलालेख नाही, नाणं नाही, ते यावं असं आपण दरवर्षी दिव्यासमोर उभं राहून मागतो. ही प्रार्थनाच आहे. आणि आपण काय मागतोय हे मागणाऱ्याला ठाऊक असावं, असं मला वाटतं. त्या राज्यात सारा किती होता? न्याय कोण करायचं? तिथं राहायचं कोण? शाळेत मुलांना शिवशाही आणि पेशवाई शिकवताना हे प्रश्न मी सहज विचारत असे. बळीच्या राज्याला ते कुणी विचारत नाही, कारण ते धर्मातलं आहे. माझं म्हणणं असं, की धर्मातलं आहे म्हणूनच ते आधी विचारले पाहिजेत.

भागवताच्या आठव्या स्कंधात बळीची कथा सविस्तर आहे. तो प्रल्हादाचा नातू, विरोचनाचा मुलगा. त्यानं तिन्ही लोक जिंकले. यज्ञ चालू असताना बटू वामन आला आणि त्यानं तीन पावलं जमीन मागितली. गुरू शुक्राचार्यांनी समोरचा कोण हे ओळखलं आणि शब्द देऊ नको म्हणून बजावलं. बळीनं ऐकलं नाही. एका पावलात पृथ्वी गेली, दुसऱ्यात स्वर्ग गेला, तिसऱ्याला जागा उरली नाही, म्हणून त्यानं आपलं डोकं पुढं केलं. देव प्रसन्न झाला. बळीला सुतल दिलं, पुढच्या सावर्णी मन्वंतरात इंद्रपद कबूल केलं, आणि स्वतः त्याच्या दाराशी द्वारपाल होऊन उभा राहिला. कीर्तनात ही कथा आली की बुवा हमखास नवविधा भक्तीवर येतात : श्रवणाला परीक्षिती, कीर्तनाला शुक, आणि नवव्या आत्मनिवेदनाला बळी. ज्यानं सगळं दिलं तो.

या ठिकाणी माझं मन अडतं. सगळं दिलं म्हणजे काय दिलं? पृथ्वी दिली. पृथ्वीवर माणसं होती, त्यांची शेतं होती, विहिरी होत्या. त्यांना विचारलं कुणी?

हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकातून आलेला नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातली सगळी जमीन एका प्रकारची नव्हती. साऱ्याची सरकारी जमीन ती दिवाणी. निजामाच्या खासगी खर्चाला लावून दिलेली ती सर्फ-ए-खास. आणि सरदार-दरबाऱ्यांना बक्षीस दिलेली गावं त्या जहागिरी. जहागिरीचं गाव म्हणजे कुणीतरी कुणावर तरी खूश होऊन दिलेलं गाव. देणारा हैदराबादेत, घेणारा हैदराबादेत, आणि ज्यानं नांगर धरला त्याला आपला धनी बदलल्याचं कळायचं ते नवा माणूस वसुलीला आल्यावर. सासरे सांगायचे, की त्या काळात लोक जमिनीची आणि मुलीची चिंता एकाच सुरात करत. दोन्ही कुणाच्या घरी जातील ते आपल्या हातात नसे. 1949 साली जहागिरी खालसा झाल्या, 1950 साली हैदराबादचा कुळकायदा आला. आमच्या भागात 'राजानं जमीन दिली' हे वाक्य ऐकून ज्यांच्या पोटात गोळा यायचा अशी माणसं मी पाहिलेली आहेत. त्यांच्यासमोर बळीच्या औदार्याची कथा सांगायची तर जपून सांगावी लागते.

जोतीराव फुल्यांना ही अडचण फार आधी दिसली होती. 1873 साली त्यांचं 'गुलामगिरी' निघालं. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून लिहिलेले सोळा भाग. त्यात ते वामनाच्या पावलांचा सरळ हिशेब मांडतात. पाऊल एवढं मोठं, की त्याखाली सगळी पृथ्वी आली, तर त्या पावलाखाली गावंच्या गावं दडपून किती माणसं मेली असतील? पुराणिकाच्या तोंडून शेकडो वर्षं ही कथा ऐकली गेली, पण पावलाखाली पाहणारा हा पहिला माणूस. मग फुले दान हा प्रकारच कथेतून काढून टाकतात. त्यांचा बळी काहीही देत नाही. वामन हा चढाई करून आलेला पुढारी, आणि बळी लढता लढता पडतो.

फुल्यांनी बळीचं मरण बदललं तसं त्याचं राज्यही उभं करून दाखवलं. मला तो भाग सगळ्या पुस्तकात मोलाचा वाटतो. महाराष्ट्राचे नऊ खंड, आणि खंडाखंडाचा अधिकारी तो खंडोबा. मोठ्या सुभ्याचा सारा जमवणारा आणि रयतेची दाद घेणारा महासुभा, तोच आपला म्हसोबा. नवखंडांचा न्यायी, भैरोबा, सात आश्रयीत, अशी सगळी दरबाराची मांडणी. राणी विंध्यावळीनं बसवलेले घट म्हणजे नवरात्रातले घट. दसऱ्याचं शिलंगण, कोजागरी, होळीतले वीर, बलिप्रतिपदा, भाऊबीज : कुणब्याच्या घरातला एकेक सण त्यांनी त्या हरवलेल्या राज्याशी नेऊन जोडला. आणि त्या राज्यात राहणारे कोण, तर ज्यांना पुढं शूद्र आणि अतिशूद्र म्हणून वेगवेगळं काढलं ते सगळे, एकाच क्षेत्रात, एकाच धन्याचे.

आमच्या बांधावर म्हसोबा आहे. गुडघ्याएवढा दगड, शेंदराचे थर चढून चढून त्याची मूळ कड दिसेनाशी झालेली. मे-जूनमध्ये हळदीचं बेणं रानात न्यायच्या आधी त्याच्यासमोर नारळ फुटतो. पुढं फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते, कुकरमध्ये शिजते, खळ्यावर वाळते, ढोलात घालून तिला पॉलिश होतं आणि मगच ती वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात जाते. त्यातली मूठभर आम्ही घरी दळून खंडोबाच्या भंडाऱ्याला बाजूला काढतो. म्हणजे फुल्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाहिलं तर आमच्या शेताच्या दोन टोकांना बळीचे दोन कामदार उभे आहेत : एक पेरणीच्या वेळी आणि एक माल निघाल्यावर. आज त्यांना आम्ही नुसतं देतो. फुले सांगतात, एके काळी त्यांच्याकडून घ्यायचंही असायचं. दाद, न्याय, हिशेब. ज्याला जबाब विचारता येतो तो देव, ही कल्पना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बांधावरच्या त्या दगडाकडे माझी बघण्याची नजर बदलली, ती आजही तशीच आहे.

हे राज्य इतिहासाच्या कसोटीवर उभं राहत नाही. नामसाधर्म्यावरून काढलेले अर्थ पुरावा होत नाहीत, आणि मी इतिहास शिकवलेली बाई असल्यानं तसं म्हणायला मला संकोच नाही. पण 'खरं होतं का?' एवढाच प्रश्न विचारून हे पुस्तक मिटवणं मला पटत नाही. नांदेडचं हजूर साहिब आमच्यापासून जवळ. तिथं जो ग्रंथसाहिब आहे त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांची पदं आहेत, आणि रविदासांचंही एक पद आहे, त्यात बेगमपुरा नावाचं शहर आहे. तिथं दुःख नाही, कर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा माणूस नाही. हे शहर कुठं आहे, असं रविदासांना कुणी विचारत नाही, तरी ते पद वाचणारा माणूस आपल्या गावाकडे नव्या डोळ्यानं पाहतो. आपल्या गावात कर कुणावर आहे, दुसऱ्या दर्जाचा कोण आहे, हे त्याला दिसायला लागतं. रचलेल्या राज्याचं सत्य ते एवढंच आणि तेवढं पुरेसं आहे : ते असलेल्या राज्याचं माप काढतं.

माप काढायचं, तर ते माप नीट हवं. म्हणून मी पुन्हा त्या तीन पावलांकडे येते. फुल्यांनी दान नाकारलं. मी ते पूर्ण नाकारू शकत नाही, कारण कीर्तनात त्या तिसऱ्या पावलाशी मी रडलेली आहे. पण तिन्ही पावलं एका मापाची नाहीत. डोकं बळीचं स्वतःचं होतं. ते पुढं करणं हे त्याचं, फक्त त्याचं होतं, आणि तिथं शब्दाची किंमत त्यानं स्वतःच्या अंगानं चुकती केली. याला मी धर्म म्हणते. पहिली दोन पावलं तशी नव्हती. पृथ्वी आणि स्वर्ग त्याच्या ताब्यात होते, म्हणून ते त्याचे होत नाहीत. शब्द पाळणं मोठं खरं. पण दुसऱ्याच्या घरावर पाणी सोडून आपला शब्द पाळला, तर त्या पुण्यात कमीपणा येतो. शुक्राचार्यांनी बळीला अडवलं, पण तेही चुकीच्या कारणानं. तुझ्याजवळ काय उरेल एवढीच त्यांची काळजी. रयतेचं काय होईल हे ते विचारत नाहीत.

भागवतात हे बोलण्याच्या अगदी जवळ येणारी एकच व्यक्ती आहे, ती विंध्यावळी. वरुणपाशात बांधलेल्या नवऱ्यासमोर उभी राहून ती देवाला म्हणते, हे त्रिभुवन तू तुझ्या खेळासाठी केलंस. त्यावर मालकी सांगतात ते कुबुद्धीचे. कीर्तनकार हे बोल भक्तीचे म्हणून सांगतात आणि पुढं जातात. मला त्यात राणीनं आपल्या नवऱ्याला सुनावलेला निकाल ऐकू येतो : जे तुझं नव्हतं त्याचा तू दाता कसा झालास? तिच्या बोलण्यानंतर देवाच्या तोंडून येते ती बळीची स्तुती. तिला कुणी उत्तर देत नाही.

याच हैदराबाद संस्थानाच्या मुलखात, तेलंगणातल्या पोचमपल्लीत, 18 एप्रिल 1951 ला विनोबांनी भूदान सुरू केलं. रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली ती त्यांच्या घरची होती. पुढं विनोबा गावोगाव सहावा हिस्सा मागत फिरले, प्रत्येकाकडून त्याचाच. भूदानाचं पुढं काय झालं, किती जमीन पडीक निघाली, किती कागदावरच राहिली, ही वेगळी आणि दुःखाची गोष्ट आहे. पण देण्याची रीत बरोबर होती : देणाऱ्यानं आपलं द्यावं.

केरळात ओणमला महाबली वर्षातून एकदा आपली प्रजा पाहायला येतो, अशी श्रद्धा आहे. तिथं तो येऊन जातो. आपल्याकडे तो येत नाही, त्याचं राज्य यावं असं आपण फक्त म्हणतो. कधी कधी मला भीती वाटते, की आपण चांगल्या राजाची वाट पाहत बसलोय. चांगला राजासुद्धा एका सकाळी, एका शब्दासरशी, सगळं देऊन टाकू शकतो. बळीची कथा हेच सांगते. म्हणून मी मागते ते राज्य असं, की जिथं राजाला तसं करताच येणार नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या सार्वजनिक कामाला मात्र ती अट नाही. पहिलं पाऊल आजही तिथंच पडतं. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत आमचा हिंगोली जिल्हा आहे, आणि देवस्थानं जोडायला निघालेल्या त्या रस्त्याला ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो याच जागी पाय रोवून : आम्हाला विचारलं का? हा प्रश्न विचारणारा शेतकरी मला अधार्मिक वाटत नाही. विंध्यावळीचं अर्धं राहिलेलं बोलणं तो पुरं करतोय.

त्या राज्यात राहणार कोण, हेही सांगून टाकते. आमच्या तालुक्यात मराठा आहेत, आंध आदिवासी आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, हटकर, धनगर, माळी, मातंग, मुसलमान, लिंगायत आहेत, आणि पुराणातला बळी ज्यांनी सोडला पण फुल्यांचा बळी जपला अशी बौद्ध घरं आहेत. यातल्या एकालाही वगळून जे येईल ते बळीचं राज्य नव्हे.

तेव्हा वाचकांना, आणि विशेषतः घरोघरच्या बायकांना, माझी विनंती आहे. पाडव्याला ओवाळून झालं की ताट खाली ठेवण्याआधी एकमेकींना विचारा, त्या राज्यात कोणता नियम हवा. सारा, पाणी, जमीन, न्याय, काहीही. जे निघेल ते लिहून ठेवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्याकडे आहे; बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते. पुढच्या सभेला तो कागद घेऊन जा आणि तो वाचून झाल्याशिवाय सही करू नका.