तिच्याजवळ थांबण्यासाठी नरकात

ख्रिस नील्सन मरणानंतर डोळे उघडतो तो एका चित्रात. डोंगर, तळे, आकाश, गवत, सगळे तैलरंगांचे, आणि रंग अजून वाळलेला नाही. तो एक फूल तोडतो आणि मुठीतून निळा रंग ओघळतो. व्हिन्सेंट वॉर्ड या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाच्या ‘व्हॉट ड्रीम्स मे कम’ (१९९८) या चित्रपटातला हा प्रसंग एकदा पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही.

स्वर्गाचे हे रूप ख्रिसला मिळते ते पत्नीमुळे. ॲनी चित्रकार आहे. तिने रंगवलेल्या जगातच तो मरणानंतर पोहोचतो. रॉबिन विल्यम्सने साकारलेला ख्रिस बालरोगतज्ज्ञ. दोन्ही मुले मोटार अपघातात गेलेली, आणि चार वर्षांनी बोगद्यातल्या अपघातात जखमींना मदत करताना तोही जातो. मागे ॲनी एकटी उरते आणि काही काळाने स्वतःचे आयुष्य संपवते. ती ख्रिसच्या स्वर्गात येत नाही, नरकात पडते. तिला शोधायला ख्रिस खाली उतरतो.

हा रंगीत परलोक उभा करणे सोपे नव्हते. खऱ्या निसर्गात, मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कसारख्या ठिकाणी, चित्रीकरण झाले. मग एका चौकटीतला प्रत्येक बिंदू पुढच्या चौकटीत किती आणि कुठे सरकला याचा हिशेब संगणकाने करायचा आणि त्याच दिशेने ब्रशचे फटकारे वाहते ठेवायचे, असे तंत्र वापरले गेले. त्यामुळे वाऱ्यावर गवत हलते तेव्हा त्यावरचा रंगही हलतो. कास्पार डाव्हिड फ्रीडरिशची धुकट शिखरे आणि मोनेची फुले इथे हालचालीत आली आहेत. दृश्यपरिणामांसाठी या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. तिकीटबारीवर मात्र तो आपटला.

परलोक पडद्यावर रंगीतच असावा असे कुठे आहे? मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांच्या ‘ए मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’मध्ये (१९४६) पृथ्वी टेक्निकलरमध्ये झळाळते आणि परलोक कृष्णधवल, शिस्तबद्ध, कचेरीसारखा आहे. महायुद्ध नुकतेच संपले होते. जगण्याला रंग देणे ही त्या दोघांची निष्ठा होती. हिरोकाझू कोरेएडाच्या ‘आफ्टर लाइफ’मध्ये (हाही १९९८चाच) मेलेली माणसे एका जुनाट इमारतीत जमतात, आयुष्यातली एकच आठवण निवडतात आणि तिथले कर्मचारी कापसाचे ढग वगैरे जुळवून ती चित्रित करून देतात. एवढ्या साधेपणातही काळीज हलते.

वॉर्डचा रंग मात्र नुसता डोळ्यांना सुखावण्यासाठी नाही. ख्रिसचा स्वर्ग ओला आहे, कारण तो पुरा झालेला नाही. पृथ्वीवर ॲनी एक जांभळे झाड रंगवते आणि ते त्याच क्षणी ख्रिसच्या टेकडीवर उगवते. निराशेच्या भरात ती ते चित्र खराब करते आणि इकडे झाडाची पाने झडून जातात. दोघांमधला मृत्यूचा पडदा इतका पातळ आहे, आणि तरी ख्रिस तिच्याजवळ जाऊन तिला धीर देऊ शकत नाही. मेलेल्या माणसाचे दुःख इतक्या सोप्या दृश्यातून मांडणारे चित्रपट फार नाहीत.

नरकाची वाट भीषण आहे. जहाजांच्या स्मशानासाठी कॅलिफोर्नियात ‘ओरिस्कनी’ ही निवृत्त विमानवाहू युद्धनौका वापरली होती. पुढे जमिनीतून वर आलेल्या चेहऱ्यांचे मैदान लागते. त्या चेहऱ्यांवर पाय देतच जावे लागते. त्यांतला एक चेहरा दिग्दर्शक वेर्नर हेर्झोगचा. पण या अजस्र देखाव्यांपेक्षा जास्त घाबरवते ते शेवटचे ठिकाण: ॲनीचे स्वतःचेच घर, मोडके, धुळीने भरलेले, अंधारे. ती तिथे बसून आहे आणि नवऱ्याला ओळखत नाही.

प्रिय माणसासाठी मृत्यूच्या दारी जाणाऱ्यांच्या कथा जुन्या आहेत. ग्रीक पुराणातला ऑर्फियस गाण्याने पाताळाला वश करतो आणि मागे वळून पाहिल्यामुळे युरिडिसीला पुन्हा गमावतो. महाभारताच्या वनपर्वातली सावित्री यमाच्या मागे चालत बोलत राहते आणि एकेक वर मिळवत नवऱ्याचे प्राण परत आणते. महाराष्ट्रात ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळताना तिचीच आठवण जागी असते. ख्रिसही आधी हेच करून पाहतो. आठवणी सांगतो, समजावतो, तिला बाहेर नेऊ पाहतो. काहीच चालत नाही.

मग तो जे करतो त्याची खरी सोबत महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात सापडते. युधिष्ठिराला स्वर्गात दुर्योधन वैभवात बसलेला दिसतो, आपले कोणीच दिसत नाही. देवदूत त्याला दुर्गंधीच्या अंधाऱ्या वाटेने नेतो. असह्य होऊन तो परत वळतो, तोच आवाज येतात: थोडा थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरे वाटते. ते आवाज कर्णाचे, भीमाचे, अर्जुनाचे, द्रौपदीचे आहेत हे कळताच युधिष्ठिर देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहतो. नंतर इंद्र येतो आणि तो नरक विरून जातो, पण युधिष्ठिराने निर्णय घेतला तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हते.

मॅक्स फॉन सिदोने रंगवलेल्या वाटाड्याने ख्रिसला बजावलेले असते की तिच्यापाशी फार वेळ राहिलास तर तुझेही भान हरपेल. तो तरी राहतो. तिला सोडवण्याची आशा संपल्यावर राहतो. त्याची स्मृती विझू लागते आणि ते पाहून ॲनी जागी होते. इथे चित्रपटाने आधीच पेरून ठेवलेला धागा लागतो. मुले गेल्यानंतर ॲनी मनोरुग्णालयात होती तेव्हा ख्रिस खंबीर राहिला, आणि त्या खंबीरपणानेच तिला एकटे पाडले, हे त्याला तिथेच उमगले होते. दुःखी माणसाला धीर देणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या दुःखात शेजारी बसणारे मिळत नाहीत. या चित्रपटाची थोरवी माझ्या मते या जाणिवेत आहे.

एका ठिकाणी मात्र तो मनाला लागतो. आत्महत्या करणारा नरकात जातो, हे ज्या रिचर्ड मॅथेसनच्या १९७८च्या कादंबरीवर तो बेतला आहे, तिच्यातूनच आले आहे. परलोकाबद्दलचे पुष्कळ वाचन करून मॅथेसनने ती लिहिली आणि शेवटी ग्रंथसूचीही जोडली. ही शिक्षा नाही, माणूस आपल्याच वेदनेत अडकतो, असे पात्रे समजावतात. तरीही दोन मुले आणि नवरा गमावलेल्या, आधीच आजारी असलेल्या बाईच्या वाट्याला हे यावे, हे पटत नाही. नैराश्य हा आजार आहे. ज्यांच्या घरातले कोणी असे गेले, त्यांना हा नरक पाहताना काय वाटत असेल याचा विचार व्हायला हवा होता. ऑगस्ट २०१४ मध्ये खुद्द विल्यम्सने आयुष्य संपवले. त्याच्या मेंदूला ल्युई बॉडी या विकाराने ग्रासले होते हे शवविच्छेदनानंतर कळले. त्यानंतर ख्रिसच्या तोंडची वाक्ये ऐकणे जड जाते.

शेवटही कच्चा आहे. नरकातून सुटल्यावर मुलांची भेट होते, कुटुंब एकत्र येते आणि लगेच दोघे पुन्हा जन्म घ्यायचे ठरवतात. पाण्याकाठी दोन लहान मुले खेळण्यातल्या होड्यांपाशी भेटतात. पुनर्जन्माच्या कल्पनेत वाढलेल्या प्रेक्षकाला ते ओळखीचे वाटेल, पण मोडक्या घरात आपले भान पणाला लावून बसलेल्या ख्रिसनंतर ही भेट फार स्वस्तात मिळते. वॉर्डने कॅमेरा त्या घरातच आणखी थोडा वेळ ठेवायला हवा होता: दोघे शेजारी, खिडकीवर धूळ, आणि नुकतीच त्याच्याकडे बघू लागलेली ॲनी.