खाण तशी माती

आमच्या घरी ससे आहेत हे पाहून एका जुन्या स्नेह्याने कपाळाला आठ्या घातल्या. माळकऱ्याच्या घरी ससे कशाला? त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. आपल्याकडे सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट असल्या जाती पाळतात त्या बहुतेक मांसासाठीच. लोकरीचे अंगोरा ससे थंड मुलखातले. हिमाचलात कुलूजवळ गार्सा येथे मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र आहे, तेथे ते सांभाळतात. आमच्या नातवाने नेसरीत आणलेली जोडी कोणत्या जातीची, हे देणाऱ्यालाही सांगता आले नाही. दोन्ही खाकी, एवढे खरे. एकही जीव खाटकाच्या दारात जाणार नाही या अटीवर आम्ही होकार दिला. अट पाळली गेली; परसात जागा मात्र आता पुरत नाही, पण तो गाऱ्हाण्याचा विषय येथे नको.

गाऱ्हाणे दुसरेच आहे, आणि ते आमचे आमच्यावरच आहे.

गेल्या मार्गशीर्षात सशीण व्याली. तिचे दिवस तीस-बत्तीस. आदल्या रात्री तिने स्वतःच्या पोटावरचे केस तोंडाने उपटून खोक्यातल्या भाताच्या पिंजरावर अंथरले. सकाळी पाहतो तो सात पिल्ले. अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. आपल्या माळावरच्या रानसशाचे असे नसते. त्याचे पिल्लू केसांसह, उघड्या डोळ्यांनीच जन्माला येते. (त्याला घरी आणू नये, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.) हा पाळीव ससा परदेशी, बिळात व्यालेला बरा वाटणारा.

दिवसभर सशीण पिल्लांकडे फिरकेना. घरात बायकांची कुजबुज सुरू झाली, “काय बाई दगडाची आई!” आम्हीही मान हलवली. नातू म्हणाला, “आज्जा, ती दिवसातनं एकदा, फार तर दोनदा पाजती. तीन-चार मिनिटं. लई वेळ बसली तर कोल्ह्याकुत्र्याला वास लागंल की!” दुसऱ्या पहाटे पिल्लांची पोटे पाहिली. ढोलकीसारखी तट्ट. दगडाची आई म्हणणारे आम्ही गप्प झालो.

मग रंग पाहण्याचा नाद लागला. या वयात असा नाद लागावा याची थोडी लाजही वाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाच पिल्लांच्या कातडीखाली काळोखी दिसू लागली, दोन गुलाबीच राहिली. आम्ही निकाल दिला: पाच काळी, दोन पांढरी. नातू हसला. पुढच्या आठवड्यात त्या पाचांपैकी चौघांच्या कानांच्या आतली बाजू आणि पोट उजळू लागले; दोन आठवडे होता होता पाठीवर खाकी झाक उमटली. एकच खरोखर काळे राहिले. नातवाने एका खाकी पिल्लाच्या पाठीवर हलकेच फुंकर मारली आणि केस बाजूला झाले. एकेक केस बुडाशी राखी, मध्ये पिवळसर, टोकाला काळा! एकाच केसात तीन रंग; आणि आम्ही टोक पाहून सबंध जनावराचा निकाल देऊन बसलो होतो.

खाकी आईबापांच्या पोटी पांढरी कशी, हा प्रश्न आम्हीच विचारला. ब्रनोच्या मठातील ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरचे आपले प्रयोग 1866 साली छापले. पुढे अमेरिकेत हार्वर्डच्या विल्यम कॅसल याने 1905 साली गिनीपिग आणि ससे यांच्या केसांच्या वारशावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, प्रत्येक गुणाचे दोन अंश, एक आईचा, एक बापाचा. एक अंश दुसऱ्याला झाकतो. झाकलेला मरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो आणि दोन्हीकडून दडलेलेच अंश एकत्र आले की उघडा पडतो. म्हणजे खाण तशी माती हे खरे, पण खाणीत काय काय आहे हे वरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

पुढची गोष्ट याहून विलक्षण. दोन्ही पांढऱ्यांचे डोळे उघडले ते लाल. काही आठवड्यांत त्यांचे कान, नाक, पाय आणि शेपूट काळवंडू लागले. या प्रकाराला हिमालयन म्हणतात. यांच्या अंगात काळा रंग तयार करणारे द्रव्य असते, पण ते उबेत निकामी होते आणि गारव्यात काम करते. म्हणून धड पांढरे आणि गार राहणारी टोके काळी. अशा सशाच्या पाठीवरचे केस कातरून तेथे गारवा ठेवला, तर नवे केस काळे येतात, हे शास्त्रज्ञांनी करून पाहिलेले आहे.

आमच्या घरी तो प्रयोग न करताच झाला. दोघांतले धाकटे एका रात्री आईच्या आचळाला लोंबकळत खोक्याबाहेर पडले. पहाटे सापडले तेव्हा गारठून काकडीसारखे झाले होते. नातसुनेने ते फडक्यात गुंडाळून चुलीपाशी धरले. अर्ध्या तासाने हलले. त्यानंतरही ते ढिगाच्या कडेला, गारठ्यातच पडलेले असावयाचे. तीन आठवड्यांचे झाले तेव्हा त्याच्या भावाची पाठ दुधासारखी आणि याच्या पाठीवर धुरकट छटा. बीज एक, आई एक, खोके एक. फरक गारठ्याचा.

आता आमचे गाऱ्हाणे. 1994 च्या आषाढी वारीच्या आधीची गोष्ट. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा पखवाज शिकायला आमच्याकडे आला. हात गोड होता. तेलाच्या डब्यावर वाजवून बोटे तयार केली होती. पण बाप दारुडा, सगळ्या गावाला ठाऊक. आम्ही चार लोकांदेखत म्हणालो, “खाण तशी माती. आज शिकेल, उद्या पखवाज विकून पिईल.” मुलगा काही न बोलता गेला. पुढे विशीत तो खरोखर प्यायला लागला. तेव्हा आम्ही काय म्हटले? “बघा, बोललो नव्हतो?”

लहानपणी आम्ही तर्कसंग्रह पाठ केला आहे. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. जेथे दारुडा बाप तेथे दारुडा मुलगा, ही व्याप्ती पक्की नाही. उलट उदाहरणे गल्लीतच सापडतात. असल्या हेतूला सव्यभिचार म्हणतात, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवले आहे. मग त्या दिवशी ते कुठे गेले होते? आणि दुसरी चूक पहिलीहून मोठी. आपण नुसता रंग पाहतो आहोत असे आम्हाला वाटत होते. मुलाच्या पाठीवर गारठा ठेवणाऱ्यांत आपणही होतो, हे ध्यानातच आले नाही.

कोणी म्हणेल, बुवा, सशाला मन नाही, माणसाला आहे. प्यायला तो स्वतःच्या हाताने. बरोबर आहे. दृष्टांत एकदेशी असतो, सर्वांगाने लावू गेले की मोडतो. गारठा हे काळवंडण्याचे कारण असेल. माणूस पितो तेव्हा त्याचा दोष त्याच्याकडे राहतोच, सगळा आमच्या माथी घेणे हाही एक अहंकारच. पण आमच्या वाट्याचा तेवढा आमचा. शिवाय त्या पिल्लाचे आणखी एक सांगायचे राहिले. काही महिन्यांनी त्याने केस टाकले आणि उबेत नवे आले ते स्वच्छ पांढरे. धुरकट पाठ गेली. तो माणूसही चाळिशीच्या आतच दारूतून बाहेर आला. कोणी बाहेर काढले ठाऊक नाही, आम्ही नाही एवढे नक्की.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. त्या दिवशीचे शब्द चुकीचे होते, आणि नंतरचे त्याहून, असे त्याच्या बायकोमुलीदेखत सांगितले. चार लोकांत बोललेले एकांतात मागे घेता येत नाही. त्याला सगळे आठवत होते. “होय महाराज,” एवढेच म्हणाला. बरे झाले असेही नाही, राहू द्या असेही नाही. चहा आला, घेतला. निघताना त्याच्या मुलीने सशांचे विचारले. तिला एक पिल्लू द्यायचे ठरले आहे. दुसऱ्यांदा व्यालेली सशीण, पिल्ले नऊ दिवसांची, डोळे अजून मिटलेले. दीड-दोन महिन्यांची झाल्याखेरीज आईपासून काढायची नाहीत. ती रोज शाळेतून येताना डोकावते. कोणत्या रंगाचे हवे असे आम्ही विचारले, तर म्हणाली, “अजून कुठं कळतंय, आजोबा?”