शौचकूप आणि गृहस्थधर्म

घरात नवा शौचकूप बसवावयाचे ठरले म्हणजे गृहस्थाचे आठ दिवस भांड्याची निवड करण्यात जातात. देशी बैठकीचे की कमोड, पांढरे की रंगीत, फरशा छतापर्यंत की कमरेइतक्या, या प्रश्नांवर जेवढा खल होतो तेवढा मुलांच्या शिक्षणावरही क्वचितच होत असेल. नळी भिंतीपलीकडे गेली की मात्र सर्वांची जिज्ञासा संपते. आमच्या मते नीतीचा प्रश्न नेमका तेथूनच सुरू होतो.

टोपलीचे शेतखाने होते तेव्हा मागच्या बोळातून येणारा माणूस निदान दिसत तरी असे. अन्याय उघडा असल्यामुळे त्याची लाज वाटणेही शक्य होते. मैला साफ करण्याचे काम आपणांसही मिळावे म्हणून आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सत्याग्रह केला, तो याच लाजेपोटी. १९९३ च्या कायद्याने असले शेतखाने बांधणे निषिद्ध ठरले. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविणे हाही गुन्हा झाला. तरी माणसे उतरतात आणि मरतात. कुजणाऱ्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू फार दाटला म्हणजे घ्राणशक्तीच बधिर करतो, त्यामुळे धोक्याची सूचना देणारी दुर्गंधीही उतरणाऱ्यास जाणवेनाशी होते. पहिला कोसळला की त्यास काढावयास दुसरा उतरतो. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.

येथे कोणी म्हणेल, तो मनुष्य स्वखुशीने येतो, मजुरी ठरवून घेतो. आमचा दोष कोणता? हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो. परंतु ज्या कामास पिढ्यानुपिढ्या ठराविक जातींचीच माणसे स्वखुशीने येतात, त्या खुशीविषयी शंका घेणे विचारी माणसास भागच आहे. शिवाय आपल्या मुलाने ती खुशी दाखविली असती तर आपण झाकण उघडून दिले असते काय? कर भरला, कर्तव्य संपले, हे म्हणणेही पुरे पडत नाही. कारण अंगणातील टाकी आपण बांधविली आहे.

अंगण असेल आणि विहीर पुरेशी दूर असेल, तर दोन शोषखड्ड्यांचा संडास हा आम्हांस सर्वांत निर्मळ उपाय वाटतो. एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवावयाचा. मिटलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे खत होते. हा संडास स्वस्तही आहे. बहुधा म्हणूनच प्रतिष्ठितांस तो रुचत नसावा! टाकीच बांधावयाची असेल तर तिचे झाकण फरशीखाली गाडू नये, उपसणारी गाडी तेथवर पोहोचेल अशी वाट ठेवावी, आणि दर दोन-तीन वर्षांनी यंत्रानेच ती उपसवून घ्यावी. चिंचोळ्या गल्लीत गाडी शिरत नाही ही अडचण खरी. पण लांब नळीचे भाडे थोडे अधिक पडते, एवढेच.

सदनिकेत राहणाऱ्यास खड्डा खणता येत नाही. त्याने संस्थेच्या वार्षिक सभेत, रंगकामाच्या आणि वाहनतळाच्या चर्चेतून सवड काढून, आपली टाकी मागील खेपेस कोणी व कशी उपसली, एवढे चिटणीसांस विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहवून घ्यावे.