तेवढें राहूं द्या!

हेरॉईनच्या तडाख्यांतून जो माणूस कसाबसा बाहेर पडला, त्याच्या हातची सिगारेटही सोडवावी काय? ‘बिचाऱ्यानें एवढें मोठें व्यसन टाकलें, तेवढें राहूं द्या,’ असें आपण सहजच म्हणतों. या दयेंत कांहीं खोट आहे कीं काय, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९६४ सालीं न्यूयॉर्क शहरांत व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर या डॉक्टरांनीं हेरॉईनच्या रुग्णांस मेथाडोन नांवाचें औषध रोज नेमानें देण्यास आरंभ केला. औषध अफूच्याच गुणाचें. परंतु त्याचा अंमल संथ व दिवसभर टिकणारा असल्यामुळें तलफ शमते व माणूस कामधंद्यास लागूं शकतो. या उपचारानें पुष्कळांचे प्राण वांचले आहेत. तथापि अमेरिकेंतील पाहण्यांत अशा रुग्णांपैकीं शेंकडा ८० च्या आसपास लोक धूम्रपान करणारे आढळले. हेरॉईनपासून वांचलेला देह तंबाखू सावकाश खाते.

दोन्ही व्यसनें एकदम सोडावयास लावलीं तर पहिलें पुन्हां उसळेल, अशी भीति घालण्यांत येते. ती अनुभवास उतरलेली नाहीं. २००४ सालच्या एका तुलनात्मक परीक्षणांत, दारू व इतर मादक द्रव्यांवरील उपचार चालू असतांनाच ज्यांस तंबाखू सोडण्यास साह्य मिळालें, त्यांची पुढें निर्व्यसनी राहण्याची शक्यता शेंकडा २५ नीं अधिकच दिसली.

मात्र काम बिकट आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका प्रयोगांत ११२ मेथाडोन-रुग्णांपैकीं कांहींस व्हॅरेनिक्लिन हें औषध व कांहींस तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. बाराव्या आठवड्यास औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें १० जणांची सिगारेट सुटली होती. इतरांपैकीं एकाचीही नाहीं.

म्हणून ‘मेथाडोन हवें तर सिगारेट टाक’ अशी अट घालणें हा शुद्ध अन्याय होय. परंतु अट न घालणें निराळें आणि विचारणेंच सोडून देणें निराळें. आम्ही स्वतः एके काळीं रोज वीस सिगारेटी ओढीत असूं. तीन वेळां सोडून पुन्हां धरल्या. तरी घरच्या मंडळींनीं ‘राहूं द्या’ म्हटलें नाहीं. चौथ्या खेपेस त्या सुटल्या. आमचें म्हातारपण त्यांना हवें होतें. मेथाडोनसाठीं रांगेंत उभ्या असलेल्या माणसाचें म्हातारपण मात्र आपण हिशेबांतच धरीत नाहीं. तो आज जगला हेंच पुष्कळ, असें मानतों. आपल्या दयेंतील खोट ती हीच. त्यास एकदां नव्हे, चारदां विचारावें. आणि तो नाहीं म्हणाला तरी त्याचें औषध त्याच आपुलकीनें त्याच्या हातीं द्यावें.