संगत सोडण्याची नीति

सहकाऱ्यांबरोबर घडविलेली कला मागें टाकून एखादा कलावंत स्वतःच्या वाटेनें निघाला, म्हणजे जग त्याच्यावर कृतघ्नतेचा आणि अहंकाराचा आरोप ठेवितें. या आरोपांची छाननी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. पीटर गॅब्रिएल या इंग्रज गायक-कवीचें उदाहरण त्या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे.

चार्टरहाउस शाळेंतील विद्यार्थ्यांनीं १९६७ सालीं 'जेनेसिस' हा वृंद उभारला. गॅब्रिएल हा त्याचा मुख्य गायक. १९७४ सालीं या वृंदाची एक जोडध्वनिमुद्रिका तयार होत असतां गीतें बहुतेक त्यानें एकट्यानें लिहिलीं, स्वररचना मुख्यतः इतरांनीं केली. त्याच वेळीं त्याची नवजात मुलगी जीवनमरणाच्या सीमेवर होती. सोबत्यांना कामाची निकड, त्याला अर्भकाची. दौऱ्याच्या आरंभीं, नोव्हेंबरांत, त्यानें आपला निश्चय त्यांना कळविला, आणि तरीही १९७५ च्या मे महिन्यापर्यंत तो प्रयोगामागून प्रयोग त्यांच्यासह गात राहिला. श्रोत्यांना ही वार्ता ऑगस्टांत कळली.

आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न येथें आहे, सोडून जाण्यांत नाहीं. मन निघून गेलें असतां कंठानें हजर राहणें ही प्रतारणा कीं कर्तव्य? कडक वृत्तीचे लोक म्हणतील कीं, श्रोत्यांना अखंड वृंद दाखवून मोडलेला संसार विकला गेला. आम्हांस हें पटत नाहीं. श्रोत्यानें पैसे दिले ते गाण्याबद्दल. गायकाच्या भविष्यकाळावर त्याचा हक्क नव्हता. सोबत्यांचा मात्र होता, कारण त्यांची उपजीविका त्यांत गुंतलेली होती, आणि त्यांना त्यानें अंधारांत ठेविलें नाहीं. सत्य सांगण्याचें ऋण सर्वांचें सारखें नसतें.

राहिला अहंकार. १९७७ च्या फेब्रुवारींत निघालेल्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेला त्यानें केवळ आपलें नांव दिलें, व पुढील तिघींनाही तेंच. (अमेरिकेंत चौथीचें बारसें निराळें झालें.) एवढ्यावरून निकाल देणें सोपें आहे. परंतु ती मुद्रिका ऐकतांना मनांत येतें तें उलटच. निर्माता बॉब एझ्रिन, गिटारीवर रॉबर्ट फ्रिप, शिवाय लंडन सिंफनी वाद्यवृंद! 'हिअर कम्स द फ्लड' या गीतावर इतका साज चढला कीं, पुढें खुद्द गॅब्रिएललाच तो रुचेना, आणि १९९० सालीं तें त्यानें साध्या पियानोवर पुन्हां गाऊन प्रसिद्ध केलें. स्वतंत्र झालेला माणूस लगेच स्वतःचा होतो असें नाहीं. चार सोबत्यांच्या मताऐवजीं एका निर्मात्याचें मत, एवढाच फरक आरंभीं पडतो. 'सॉल्सबरी हिल' या गीतांत मात्र त्याला स्वतःचा सूर सांपडला. बाथ शहराजवळच्या टेकडीचें निमित्त करून त्यानें त्यांत आपला वृंदत्यागच गायिला, तोही सोबत्यांवर ठपका न ठेवितां. ठेका बहुतेक सात मात्रांचा. आपल्या रूपकाची आठवण होते, पण चाल अशी कीं, चालणाऱ्याचें एक पाऊल कमी पडावें.

मागें राहिलेल्यांपैकीं ढोलवादक फिल कॉलिन्स हाच गाऊं लागला आणि वृंद पूर्वीपेक्षां अधिक लोकप्रिय झाला. म्हणून तो त्याग योग्य ठरला, असें मात्र कोणी म्हणूं नये. तो दैवाचा भाग. वृंद बुडाला असता तरी आमचा निर्णय हाच राहिला असता.

१९८२ सालीं देशोदेशींच्या संगीताचा 'वोमॅड' महोत्सव भरविण्याच्या खटाटोपांत गॅब्रिएल मोठ्या कर्जांत सांपडला. त्या ऑक्टोबरांत मिल्टन कीन्स येथें, भर पावसांत, जुने सोबती एका रात्रीपुरते त्याच्याबरोबर उभे राहिले, आणि त्या प्रयोगाचें उत्पन्न त्या कर्जाच्या फेडीकडे गेलें.